पडा, मी आहे

कान दाखवायला आलेल्या माणसाला आमचे डॉक्टर आधी चपला काढायला लावायचे. मग त्याला जाड स्पंजाच्या तुकड्यावर उभं करायचे. पाय जुळवून, हातांची घडी घालून, डोळे मिटून. आणि स्वतः त्याच्या पाठीमागे जाऊन, दोन्ही हात पसरून म्हणायचे, "पडा. मी आहे."

माणूस एक डोळा उघडून मागे बघायचा. "अवो डाक्टर, कानातनं पू येतूय माज्या."

"येऊ द्या. त्याच्याकडे बघू मागनं. आधी पडा."

डॉक्टरकडे जाऊन पडायचं, ही गोष्ट बारामतीकरांच्या गळी उतरायला बराच काळ गेला. डॉक्टरांचं म्हणणं असं, की कान म्हणजे नुसतं ऐकायचं भोक नव्हे. त्याच्या आतल्या खोलीत माणसाचा तोल ठेवलेला असतो. बाकीचे डॉक्टर दारातूनच डोकावून परत जातात, आत कुणी जात नाही. ते स्वतः आत जायचे आणि पेशंटलाही फरपटत न्यायचे. नुसतं ऐकू कमी येतं म्हणून आलेला माणूस ओसरीवर डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकताना दिसायचा आणि समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं दळण सोडून ते बघायला यायची.

डॉक्टर अंगानं काटकुळे. तरी पडणारा माणूस त्यांनी कधी खाली जाऊ दिला नाही. एकदा एक आडदांड बागायतदार असा काही मागे कलंडला, की त्याच्यासकट डॉक्टर भिंतीवर आदळले. चष्मा फुटला, कोपर सोलवटलं, पण बागायतदार उभाच राहिला. "माझ्याकडे माणूस पडत नाही," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे, की मला त्याचा वीट आला होता. आता ते वाक्य आठवलं की रडू येतं, आणि अजूनही त्यांचा थोडा रागच येतो.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं ती. मी लग्न होऊन माळेगावहून बारामतीत आले होते. बी.एस्सी. झालेली, आणि सासरी दिवसभर भांडणाशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांना ऐकण्याच्या तपासणीच्या यंत्रावर बसायला कुणीतरी हवं होतं. मुलाखत म्हणजे ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेले आणि काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "हो, चालेल की चहा." नोकरी मिळाली. चहा मात्र मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बांगड्या काढून ठेवत जा. त्यांची किणकिण ऐकून पेशंट बोट वर करतो." हे घरी सांगितल्यावर सासूबाईंनी हातातलं उलथनं माझ्यावर उगारलं नाही, एवढंच. "नवरा जिता हाय म्हणावं तिचा!" असं त्या मलाच ओरडून सांगत होत्या. शेवटी मी मनगटापासून वर बँडेजची पट्टी गुंडाळून बांगड्या आवळून बांधायला लागले. पेशंट कळवळून विचारायचे, "बाई, दोन्ही हातांस्नी काय झालं वो?" एका आजीनं तर पुढच्या खेपेला माझ्यासाठी हळद आणि एरंडाची पानं आणली.

आवाजाशी डॉक्टरांचं उघड वैर होतं. दवाखान्यात टिकटिकणारं घड्याळ नाही, पायात कॅनव्हासचे बूट, आणि स्कूटरचा हॉर्न त्यांनी काढूनच टाकलेला. समोर म्हैस आली तरी गाडी थांबवून तिला "जरा बाजूला होता का?" म्हणायचे. बायको पुण्याला असायची. अधूनमधून यायची, दोन दिवस कुजबुजत राहायची आणि घसा मोकळा करायला परत पुण्याला जायची.

ऐकण्याच्या तपासणीची खोली त्यांनी स्वतः बनवली होती. भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या, त्यावर गोणपाट, पंखा नाही. आत माणूस उकडून निघायचा. कानावर हेडफोन लावायचा, मी काचेमागून बारीक "टूं" सोडायची, ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. साधं काम, पण आमच्या भागातली माणसं भिडस्त. एक सणसणीत मिशीवाले आबा प्रत्येक वेळी बोट वर करत होते. डॉक्टरांनी खुणेनं मला आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. तरी बोट वरच. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आबा, मी काही वाजवतच नव्हतो." आबा म्हणाले, "तुमी एवढं काचंतनं बघून ऱ्हायलाय, तर न्हाय कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

म्हणून डॉक्टरांचा खरा भरवसा कुजबुजीवर. पेशंटच्या मागे उभे राहून ते हळूच म्हणायचे, "तुमच्या सासूबाई महिनाभर राहायला येतायत." जावयाचा चेहरा पडला की कान शाबूत.

हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्यानं टेप लावून दवाखान्यासमोरून जायचे. डॉक्टर रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहायचे. "काय झालं? कोण गेलं का?" ड्रायव्हर विचारायचा. "कोणी गेलं नाही. आत एक बाई टूं ऐकतेय." एक ड्रायव्हर मात्र पोरगेलासा, गुणी. तो लांबूनच टेप बंद करायचा आणि पुढं गेल्यावर चालू करायचा. डॉक्टरांना त्याचं फार कौतुक. एकदा त्याला आत बोलावून त्यांनी हौसेनं त्याचे कान तपासले. उंच पट्टीतले सगळे आवाज गेलेले.

"मला तर समदं ऐकू येतंय की," तो म्हणाला.

"चिमण्या ऐकू येतात?"

"चिमण्या आता कुठं ऱ्हायल्यात डाक्टर?"

खिडकीच्या गजावर एक चिमणी बसली होती आणि चोच उघडून चिवचिवत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बोट दाखवलं. तो तिच्याकडे बघत राहिला. तिची चोच हलताना त्याला दिसत होती. मग तो उठला, टोपी घातली आणि गेला. "यावर औषध काय?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तोडलेल्या उसाला खोडवं फुटतं. कानातलं फुटत नाही. गेलं ते गेलं." आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्यांच्या धंद्याचं हे असंच होतं. शोधून काढायचं, नाव द्यायचं, आणि हात झटकायचे. तीन-चार वर्षांची न बोलणारी पोरं घेऊन आया यायच्या. मागून थाळी वाजवली की पोर वळून बघतंय, म्हणजे ऐकतंय, असं घरच्यांनी ठरवलेलं असायचं. पोर वळायचं ते हाताच्या सावलीनं. डॉक्टर हे समजावून सांगायचे आणि आई थाळी पिशवीत घालून उठायची. अशा दिवशी ते जेवायचे नाहीत. माझ्यावर खेकसायचे. मीही उलटून बोलायची. सुधारता येत नसेल तर एवढं खोदून शोधता कशाला, असं एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं. "माणसाला आपल्याला काय झालंय ते तरी कळू दे," ते म्हणाले. "नाहीतर लोक त्याला काहीही नाव देतात."

लोक काय नाव देतात हे मला भिवातात्यांमुळं कळलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही इंदापूरला जायचो. एस.टी. स्टँडजवळ एका औषधाच्या दुकानामागची खोली होती. तिथं एके दिवशी सणसरचे भिवातात्या आले. साठीला टेकलेले, उंच, डोक्याला पटका, गळ्यात तुळशीची माळ. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, आता कालव्याच्या पाण्यावर थोडी शेती. एक हात बायकोच्या खांद्यावर. काकू दारातूनच म्हणाल्या, "डाक्टर, आदी ह्यांचं त्वांड हुंगून बघा."

डॉक्टर चक्रावले. "का?"

"समदीच हुंगत्यात. तुमी बी हुंगून घ्या, म्हंजी मग तपासाय मोकळं."

तात्या मान खाली घालून उभे होते. हकिगत अशी, की वर्ष-दीड वर्षापासून त्यांचा तोल जायचा. दिवसाढवळ्या जरा बरं, दिवेलागणीनंतर पाय कुठं पडतो ते कळायचं नाही. तोंड धुताना डोळे मिटले, की मोरीत कोसळायचे. चालताना समोरचं सगळं हलायचं, थांबलं की थांबायचं. त्यामुळं समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू यायचा नाही आणि लोक म्हणायचे, बघा, ओळख दाखवायचीही शुद्ध नाही. माळकरी माणूस, जन्मात दारूला शिवला नव्हता. पण झुलणाऱ्या माणसाला गाव दुसरं काय म्हणणार? भजनी मंडळानं त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले. एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, माळ उतरवताय का बाटली सोडताय?" आणि धाकट्या लेकीचं जमलेलं लग्न मोडलं. व्याह्यांनी निरोप धाडला, की बेवड्याच्या घरात सोयरीक नको.

"माजं ऱ्हाऊ द्या डाक्टर," तात्या म्हणाले. "मी आज हाय उद्या न्हाय. पर पोरगीचं काय?"

डॉक्टरांनी त्यांना स्पंजावर उभं केलं. "डोळे मिटा. पडा, मी आहे." पडा म्हणायची गरजच नव्हती. पापण्या मिटल्या आणि तात्या तोडलेल्या झाडासारखे मागे आले. डॉक्टरांनी झेललं. मागून कुजबुजून ऐकण्याची तपासणी केली, ऐकू चांगलं येत होतं. मग मला समोरच्या सरबताच्या गाड्यावरून बर्फ आणायला पिटाळलं.

कानात बर्फाचं पाणी सोडलं की कुठल्याही धडधाकट माणसाचे डोळे गरागरा सरकायला लागतात, खोली फिरते, उलटी होते. आम्ही त्यासाठी बादली तयार ठेवायचो. डॉक्टरांनी तात्यांच्या उजव्या कानात पाणी सोडलं आणि डोळ्यांत टॉर्च धरली. काही नाही. डाव्या कानात सोडलं. बुबुळं खिळ्यांनी ठोकल्यासारखी जागच्या जागी. बादली कोरडीच राहिली.

तात्यांचा चेहरा उजळला. "काय बी झालं न्हाय डाक्टर! गार लागलं निस्तं. पास झालो न्हवं?"

डॉक्टर खुर्चीवर बसले. टॉर्च बंद करायचीही विसरले होते. "तात्या, सुया घेतल्या होत्या का मध्ये? पुष्कळ दिवस?"

घेतल्या होत्या. क्षय झाला होता, कित्येक महिने रोज सुई टोचून घेतली होती आणि खडखडीत बरे झाले होते.

"त्या सुईनं जीव वाचवला आणि तोल नेला," डॉक्टर म्हणाले. "कानाच्या आत जे वर-खाली सांगतं ना, ते दोन्हीकडचं जळून गेलंय. आता तुमचा तोल तुमच्या डोळ्यांत आणि तळपायांत आहे. डोळे मिटले की अर्धा गेला."

"मंग औषध?"

"नाही."

काकूंनी पुढं होऊन विचारलं, "म्हंजी दारू न्हाय ना?"

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. मला वाटलं, औषध नाही हे त्यांनी ऐकलंच नाही. ऐकलं होतं. पण त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे आमच्या गावात येऊन सांगाल का?"

दुसरा कुठला डॉक्टर असता तर चिठ्ठी लिहून देऊन मोकळा झाला असता. आमचे डॉक्टर पुढच्याच आठवड्यात माझ्या मांडीवर स्पंज देऊन, हॉर्न नसलेल्या स्कूटरवरून सणसरला निघाले. इंदापूरच्या वाटेवरच आहे गाव. देवळासमोर त्यांनी फक्कीनं एक लांब पांढरी रेघ मारली. कबड्डीचे सामने आहेत असं समजून अर्धं गाव गोळा झालं.

"या गावात खरा दारुडा कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळली. बबन नावाचा तो इसम पाराला टेकून बसला होता. तो अभिमानानं उठला. "मी हाय की. काय काम काडलं?"

"आज घेतलीय?"

"आता ह्ये काय इचारणं झालं का?"

आधी उघड्या डोळ्यांनी दोघांना रेघेवरून चालवलं. तात्या सावकाश, पायाकडे बघत, पण रेघेवरून गेले. बबन रेघ सोडून थेट प्रेक्षकांत शिरला. मग दोघांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधले. बबन जसा आधी झुलत होता तसाच झुलला, कमी नाही जास्त नाही. तात्यांनी दोन पावलं टाकली आणि कोसळले. डॉक्टर पाठीमागे हात पसरून होतेच. शेवटी बर्फ काढला. बबनच्या कानात पाणी जाताच तो "आयाया, देऊळ फिरतंय" म्हणून ओरडला आणि भडाभडा ओकला. तात्यांच्या दोन्ही कानांत तेच पाणी सोडलं. ते शांतपणे देवळाच्या कळसाकडे बघत बसले.

"बघा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एरवी कधी चढायचा नाही, त्या दिवशी चढला. "दारू उजेडातसुद्धा पाडते. हा माणूस फक्त डोळे मिटल्यावर पडतो. यानं दारू प्यायलेली नाही. याचा कान गेलाय."

भजनी मंडळाचे एक म्हातारे आबा उठले, देवळात गेले आणि टाळ आणून त्यांनी तात्यांच्या हातात दिले. बबन तोंड पुसत ओरडला, "म्हंजी गावात दारुडा मी येकलाच ऱ्हायलो की रं!" सगळे हसले. डॉक्टरही हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

निघताना त्यांनी तात्यांना बजावलं. अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय पडवीतसुद्धा जायचं नाही. शिडीवर चढायचं नाही. सायकलला हात लावायचा नाही. विहिरीत, कालव्यात पोहायचं नाही.

"पवाय मला येतच न्हाय डाक्टर," तात्या म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले.

लेकीचं लग्न त्याच घरी परत ठरलं. व्याही स्वतः येऊन गेले म्हणे. तात्या-काकू इंदापूरच्या खोलीवर आमंत्रण द्यायला आले. तात्यांचा पटका कोरा करकरीत होता. काकू सांगत होत्या, लग्न उरकलं की नरसिंहपूरला जायचंय, नाव धुऊन निघालं तर जोडीनं दर्शनाला येईन असं देवाला बोललीया. डॉक्टर कुणाच्या तरी कानात वाकून बघत होते. "जाऊन या, जाऊन या," ते म्हणाले. नरसिंहपूर म्हटल्यावर देऊळ डोळ्यांपुढं येतं. नीरा आणि भीमा तिथं मिळतात, आणि दर्शनाआधी माणूस संगमात उतरतो, हे त्या घाईत कुणाला आठवणार?

पुढं एका बाजाराच्या दिवशी काकू एकट्या आल्या. कपाळ मोकळं होतं. मी उठून त्यांना धरायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मला नगं धरू बाई. मी पडत न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. सकाळची वेळ, ऊन वर आलेलं, घाटावर माणसं होती. पाणी कंबरभर. दोघं हात धरून उतरले. "हात माज्याच हातात व्हता. पर बुडी मारताना हात जोडाय पायजेत ना देवाला. म्हणून सोडला. पयली बुडी मारली, वर आले, हलत व्हते जरा. मी म्हनलं बास. ते म्हनले, तीन मारायच्या असत्यात. दुसरीला खाली गेले ते गेलेच. मी धरू लागले तर ते खालीच शिरत्यात. खालच्या अंगाला हात मारत्यात, वाळू उपसत्यात. वर यायचं सोडून खालीच, खालीच. माज्या तावडीत यीनात. मानसं यीस्तवर..."

डॉक्टरांनी फार हळू विचारलं, "डोळे मिटले होते?"

"देवाचं नाव घेताना उगडं ठिवत्यात व्हय डोळं?"

बुडी मारली की तळपायांखालची जमीन सुटते. डोळे मिटलेले. आणि कान आधीच गेलेले. तात्यांकडे वर कुठं आहे हे सांगणारं काहीही उरलं नव्हतं. ते वरच येत होते, जिवाच्या आकांतानं, फक्त त्यांचं वर खाली होतं. डॉक्टर हे मला नंतर समजावून सांगत होते. मी म्हटलं, पुरे, कळलं मला.

पण काकू रडायला आल्या नव्हत्या. "गावात म्हनत्यात, कंबरंएवढ्या पान्यात शुद्धीतला मानूस बुडंल का? पेलाच आसंल. लेकीला सासरी तेच बोलत्यात, तुजा बा देवाच्या दारात पिऊन मेला. तिला आनून घातलीया माज्या दारात. डाक्टर, तुमी परत येकदा येऊन सांगा. मागच्यावानी."

त्यानंतर दवाखान्यातला स्पंज भिंतीला टेकला. डॉक्टर पेशंटच्या मागे उभे राहीनात. "भिंत धरा," एवढंच म्हणायचे. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कानात मळ झालाय म्हणून आलेला का असेना, ते पाण्याबद्दल सांगत सुटायचे: डोकं बुडवायचं नाही, तांब्यानं अंघोळ करायची, नदीला नमस्कार काठावरून करायचा. लोक भांबावून माझ्याकडे बघायचे. एखाद्या दुपारी गादीच्या खोलीत जाऊन दार लावून बसायचे. मी काचेतून बघायची. ओठ हलताना दिसायचे. "मी पोहायचं म्हणालो. बुडी म्हणालोच नाही." त्यांचं चुकलं होतं का? चुकलं होतं. सगळं शोधून काढणाऱ्या माणसाला एवढं एक सुचलं नव्हतं. आणि ते कुणालाही सुचलं नसतं, हेही तितकंच खरं, पण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मलाही झाला नाही. कारण काकूंची लेक पुढं सासरी परत गेलीच नाही.

मात्र ते सणसरला गेले. न्यावंच लागलं मला त्यांना, कारण स्कूटर त्यांनी काढलीच नाही आणि आम्ही एस.टी.नं गेलो. स्पंज माझ्या मांडीवर, बर्फाचा डबा पायाशी. देवळासमोर त्यांनी पुन्हा फक्कीनं रेघ मारली. ती वाकडी आली. त्यांनी पायानं पुसली आणि पुन्हा मारली.

कुणी आलं नाही. हाक मारली तर माणसं लांबूनच हात करून आपापल्या वाटेनं जात होती. भजनी मंडळाचे आबा देवळातून बाहेर आले, रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं त्ये झालं डाक्टर. गेलेल्या मानसाचं कशाला उकरून काडताय? आन आता दावणार कुणाला चालवून?"

ज्याच्यावर दाखवायचं तो माणूसच उरला नव्हता. आबा निघून गेले. बर्फ वितळून डब्यातून पाण्याची धार फक्कीपर्यंत गेली. मी म्हटलं, "चला डॉक्टर." ते हलेनात.

पाराच्या मागून बबन आला. दाढी वाढलेली, अंगात धुतलेला सदरा. डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन त्यानं तोंड उघडलं. "हुंगून बघा. तात्या गेल्यापासनं न्हाय घेतली. मी चालून दावतो."

"तुम्ही चालून काय होणार, बबनराव?"

"का? मी न पिता, डोळं बांदून सरळ चाललो, म्हंजी कान धड असला की मानूस पडत न्हाय. तात्या न पिता पडायचा. म्हंजी तात्याचा कान. तुमीच सांगितलं व्हतं की."

डॉक्टरांनी खिशातून टॉवेल काढला आणि त्याच्या डोळ्यांवर बांधला, दोन्ही बाजूंनी नीट चाचपून, उजेड जराही आत येणार नाही असा. बबन रेघेवर उभा राहिला. डॉक्टर त्याच्या पाठीमागे गेले आणि कित्येक दिवसांनी त्यांचे दोन्ही हात पसरले.

बबन चालायला लागला. दारू सोडल्यानं पाय कापत होते, पण एकेक पाऊल रेघेवरच पडत होतं. डॉक्टर मागोमाग, हात तसेच. निम्म्या वाटेवर बबन थांबला.

"डाक्टर, बघत्यात न्हवं लोकं?"

मी आजूबाजूला बघितलं. समोरच्या घराचं दार कुणीतरी आतून लोटून घेत होतं.

"बघतायत," डॉक्टर म्हणाले. "सगळं गाव बघतंय. चला तुम्ही, मी आहे."